सांध्यावरची भाकर

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो, पांढरं लुगडं लागतं.

माझ्याकडे यातलं काहीच नाही.

माझ्याकडे आहे ती वैशाखातली भर दुपार. साल १९६३. गाव अकोला. जठारपेठेच्या मागच्या अंगाला माझ्या सख्ख्या मावशीचं, शकुनमावशीचं घर होतं. त्या घराच्या परसात हे घडलं. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं, मी काही कुणाच्या पाया पडून पटवायला बसलेली नाही. पण मावशी खोटं बोलणारी बाई नव्हती. आणि मावसाजी तर त्याहून नव्हते.

म्हणजे... आयुष्यात एकदाच बोलले.

तीच ही गोष्ट.

मावसाजींचं नाव शेषराव. सरकारी तंत्रशाळेत ते मुलांना लोखंड कापायला, कानस धरायला शिकवायचे. छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात अंगारे-धुपारे बंद. कुणी भुताचं नाव काढलं की ते हसायचे. म्हणायचे, "भूत असतं तं रातून माह्या वर्कशॉपातला पसारा तरी आवरून गेलं असतं!"

असा माणूस. सरळ, कामसू, थोडा हट्टी.

आणि खूळ एकच. रेल्वेचं.

अमरावतीला एक गोरा साहेब देश सोडून जाताना बंगल्यातलं सामान विकून गेला होता. त्यातलं एक चावीचं इंजिन आणि तीन डबे मावसाजींच्या हाती लागले. झालं! त्या दिवसापासून परसात कडुनिंबाखाली गाडी सुरू झाली. मातीचा बांध घातला. त्यावर बाभळीच्या चिपांचे स्लीपर ठोकले. पितळेच्या पट्ट्यांचे रूळ वळवले. टिनाची स्टेशनं केली. मधल्या मोठ्या स्टेशनावर पाटी होती 'अकोला', आणि एका फाट्याच्या टोकाला 'बाळापूर'.

बाळापूरला खरी रेल्वे जात नाही. पण मावसाजींची धाकटी बहीण मनकर्णा बाळापूरला दिलेली होती. ती माहेरी आली की बसच्या धक्क्यांनी कंबर धरून बसायची. मावसाजी म्हणायचे, "मने, सरकार देईन तवा देईन. म्या तुह्या गावाले गाडी देऊन टाकली!"

इतकी माया होती बहिणीवर. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना राक्षस समजाल.

आता मनकर्णेचं सांगते. तिचं लग्न झालं ते फार वाईट सालात. वावरात काही पिकलं नव्हतं, बाप आधीच गेलेला. लग्नात लेकीला भांडी द्यायची, आंदण द्यायचं, ती आपल्याकडची रीत. मनकर्णेला आंदणात साधा तांब्यासुद्धा मिळाला नाही. सासरी त्यावरून काय काय ऐकलं तिनं! पाणी मागायला गेली तरी सासू म्हणायची, "मायच्या घरून आनला का गिलास?"

घरात एकच वस्तू नाव घेण्यासारखी होती. मायची परात.

माय म्हणजे चतुराबाई, मावसाजींची आणि मनकर्णेची आई. तिची परात जुन्या ठोकीव पितळेची होती. जाड, जड, एका हातानं उचलवत नव्हती. तिच्यात ज्वारीचं पीठ मळलं आणि भाकर थापली की आवाज पार गल्लीत जायचा. भिंतीवरच्या खिळ्याला ती टांगलेली असायची.

माघात माय गेली. जायच्या आधी तिनं मावसाजींचा हात धरला.

"शेषा, परात मनीले दे बापा. मंग तिले कोनी काई म्हननार नाई."

"हाव माय."

"आठोनीनं."

"हाव नं माय. मनीचीच हाये ते."

हे बोलणं तिघांनीच ऐकलं. मायनं, मावसाजींनी आणि पाण्याचा गिलास घेऊन उभ्या असलेल्या शकुनमावशीनं.

पुढे चैत्र आला. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला दरवर्षी सारी वस्ती मावसाजींची गाडी बघायला यायची. बायका, म्हातारे, पोट्टे, सगळे. आणि त्या वर्षी गाडी चालेना.

सांधे झिजले होते.

सांधा म्हणजे रूळ जिथं दुभंगतो ती जागा. तिथं दोन निमुळत्या पट्ट्या असतात, मावसाजी त्यांना जिभा म्हणायचे. खटका ओढला की जिभा सरकतात, गाडी या फाट्याला जाते. उलटा ओढला की त्या फाट्याला. इतक्या वर्षांच्या चाकांनी त्या जिभांची टोकं खाऊन टाकली होती. इंजिन सांध्यावर आलं की थबकायचं आणि कुशीवर पडायचं. मावसाजींनी ठोकून पाहिलं, डाग देऊन पाहिलं. काही उपयोग नाही. नवं जाड पितळ पाहिजे होतं. बाजारात होता तो पातळ पत्रा, तो चार दिवसांत वाकला असता.

एका दुपारी ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले.

आणि त्यांची नजर खिळ्यावर गेली.

त्यांनी परातीवर टिचकी मारली. काय तो नाद! असं पितळ आता कुठे मिळतं? मावशीनं नंतर मला सांगितलं, "त्यायचे डोये पाहूनच म्या वयखलं, आता परात गेली."

"आवो, ते मनाबाईची होये नं?"

"मनीले नवी घेऊन देतो. याच्याहून मोठी. तिले परातीशी मतलब."

"मायनं हेच परात म्हनली होती."

"शकुन, तुले समजत नाई. एकदा पौर्निमा होऊ दे."

कापायची म्हणजे बूडच कापावं लागत होतं, सपाट पितळ तेवढंच. त्यांनी बूड कापून काढलं. कडं तेवढं उरलं, ते कोठीत फडताळामागे टाकलं. बुडाच्या पट्ट्यांच्या जिभा केल्या, घासल्या, बसवल्या.

बुद्धपौर्णिमेला गाडी अशी धावली म्हणता! एकाही सांध्यावर अडखळली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावसाजींची छाती भरून आली.

नवी परात घ्यायची राहूनच गेली. उद्या, परवा, पुढच्या बाजारी...

आणि मनकर्णा आली.

न सांगता, एकटीच, सकाळच्या बसनं. स्वयंपाकघरात टेकली, पाणी प्यायली. बोलता बोलता तिची नजर खिळ्याकडे गेली. पुन्हा गेली. मावसाजी दारात उभे होते, हातात तेलाची कुपी.

"दादा, मायची परात दिसत नाई?"

आता बघा. इथं माणसानं काय बोलायचं होतं? म्हणायचं होतं, मने, चुकलो. कापली मी. ती रडली असती, भांडली असती, दोन दिवस बोलली नसती, संपलं असतं. पण बहिणीसमोर मान खाली घालायची वेळ आली आणि या भल्या माणसाची जीभ वळली.

"परात? ते तं... मायनंच मोडीत घातली. मरायच्या आंधी."

मावशीच्या हातातली पळी खाली पडली. पण ती बोलली नाही. तेही तिला जन्मभर खात राहिलं.

"मायनं?" मनकर्णा म्हणाली. "मले देतो म्हने नं ते? लग्नापासून म्हने."

"आता माय होती. तिची वस्तू होती. म्या काय बोलनार?"

"काई बोलली नाई जातानी? माह्यासाठी काई?"

"नाई."

मनकर्णा थोडी हसली. "बरं," म्हणाली.

चहा अर्धा ठेवला. दुपारची बस धरते म्हणाली. फाटकातून बाहेर पडताना एरवी चारदा मागे वळून बोलणारी बाई, त्या दिवशी सरळ चालत गेली.

आवाज आला तो त्यानंतर.

वैशाखातली वऱ्हाडातली दुपार ज्यानं पाहिली त्यालाच कळेल. रस्त्यावर कुत्रं नसतं. कावळा नसतो. घराघरात कवाडं लावून माणसं पडलेली. शाळेला सुट्टी होती, म्हणून मावसाजी मात्र डोक्याला ओला पंचा बांधून निंबाखाली बसलेले. बाळापूरच्या सांध्याला तेल घालत होते.

अचानक निंबाची पानं हलायची थांबली...

आणि...

थप.

मावसाजींनी मान वर केली.

थप... थप थप...

मऊ आवाज, ओल्या तळहाताचा. आणि त्याच्या मागोमाग बांगड्यांची किणकिण.

कुणीतरी भाकर थापत होतं.

त्यांना वाटलं, शेजारच्या घरी असेल. पण शेजारी कवाड बंद. आणि भाकरी तर सगळीकडे सकाळीच होतात, भर दुपारी चूल कोण पेटवतं? त्यांनी कानोसा घेतला.

आवाज खालून येत होता. जमिनीलगतून. त्यांच्या गुडघ्यापाशी...

सांध्यातून.

ते वाकले. आवाज बंद. सांध्याच्या जिभेवर काहीतरी पांढरं दिसलं. बोटानं टिपून पाहिलं.

ज्वारीचं पीठ.

"शकुन!" त्यांनी हाक मारली. "इथी पीठ तूनं सांडलं का वो?"

"उन्हात मी कायले येऊ तिकडे?" मावशी आतून करवादली. "झोपू द्या नं जरा!"

त्यांनी पीठ पुसलं आणि हात तसाच राहिला. जीभ झिजली होती. आत्ता पौर्णिमेला बसवलेली, कोरी, जाड पितळेची जीभ. आणि टोकाला झिजली असती तर चाकानं झिजली म्हणता आलं असतं. ती मधोमध झिजली होती. उथळ खळगा पडला होता, जिथं चाक लागतच नाही तिथं.

त्यांनी जीभ काढली, ठोकून सपाट केली, घासली, पुन्हा बसवली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा...

थप... थप थप... किणकिण.

पुन्हा पीठ. पुन्हा खळगा.

पुन्हा ठोकली. पुन्हा बसवली. मग रोजचंच झालं. सकाळी दुरुस्ती, दुपारी खळगा. मावसाजी कुणाला सांगेनात. सांगणार काय? भुताला हसणारा माणूस!

एकदा त्यांनी इंजिनाला चावी दिली. खटका सरळ रुळाला लावला, वर एक वीट ठेवली. इंजिन अकोल्याहून निघालं, सांध्याजवळ आलं.

खट्.

वीट जागची हलली नव्हती. खटका हलला नव्हता. जीभ मात्र सरकली होती. इंजिन बाळापूरच्या फाट्याला वळलं, स्टेशनापर्यंत गेलं आणि थांबलं. चावी अजून भरलेली होती. चाकं फिरत होती, गाडी जात नव्हती.

त्या दिवशी त्यांनी सांध्यावर तळहात ठेवून पाहिला. पितळ उन्हानं तापलेलं, चटका बसला. तरी हात काढला नाही त्यांनी.

आणि हाताखाली...

थप.

तळहाताला तळहात लागावा तसं वाटलं, असं ते सांगायचे.

मावसाजी खंगायला लागले. ताटात भाकर आली की घास घशाखाली जाईना. पोळी कर म्हणायचे, तीही तशीच राहायची. मावशीला वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, कांद्याचा रस झाला. शेजारच्या सुंदराबाईनं हळूच सुचवलं, की उतारा करून पाहा, बाळापूरच्या वाटेला एक जाणता आहे. मावसाजी एवढे ओरडले तिच्यावर की ती बिचारी महिनाभर फिरकली नाही. उतारा करायचा तर कुणाचा? आपल्याच मायचा?

कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. माय आली आहे. परात मागायला आली आहे.

शेवटी एका संध्याकाळी ते मावशीजवळ बोलले. लहान लेकरासारखे रडले. सगळं सांगितलं. पीठ, खळगा, वीट, आवाज.

"माय हाये शकुन. रोज येते. भाकर थापते. तिच्या बांगड्या वाजते, ऐकतो नं मी."

मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचा हात थांबला.

"काय वाजते म्हनले?"

"बांगड्या."

"आवो..." मावशी म्हणाली. "मायच्या हातात बांगड्या कुठी होत्या? मनाबाई पायन्यात होत्या तवापासून ते बाई विधवा!"

खरंच की. मायचे हात त्यांनी कळत्या वयापासून उघडेच पाहिले होते.

मग थापतंय कोण?

त्या परातीवर हक्क सांगणारी बाई दुसरी एकच होती. तिच्या हातात बांगड्या होत्या. ती मजुरीला जायची, आणि मजुरीहून परतल्यावर भर दुपारी चुलीपाशी बसायची.

आणि त्या दिवसापासून तिची खबर नव्हती...

"मनी!" मावसाजी उठून उभे राहिले. "शकुन, माह्यी मनी मेली काय वो?"

सकाळी पहिल्या बसमध्ये जागा मिळाली नाही. दुसरीत उभे राहून गेले. सगळ्या वाटेनं एकच घोकत होते. जिवंत असू दे. शिव्या देऊ दे, तोंडावर थुंकू दे, पण जिवंत असू दे. मी सांगतो तिला सगळं. घरात पाय ठेवला की सांगतो.

बाळापूरला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत चिटपाखरू नाही. मनकर्णेचं घर कोपऱ्यावर. दार नुसतं लोटलेलं.

आतून...

थप... थप थप... किणकिण.

मावसाजी दाराशीच थांबले. तोच आवाज, तीच लय. पितळेवर ओला हात. हा आवाज कानात आहे का घरात, काही उमजेना. रडणं-भेकणं ऐकू येत नव्हतं. माणसाची चाहूल नव्हती. नुसती थप थप.

त्यांनी दार ढकललं.

मनकर्णा चुलीपाशी बसलेली होती. घामानं निथळलेली, डोक्यावर पदर, हातात पीठ.

जिवंत.

"दादा?" ती म्हणाली. "असा कसा उन्हाचा आला? बस. काहून रडून राहिला?"

मावसाजी भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हा त्यांना दिसलं. मनकर्णा भाकर थापत होती ती लाकडाच्या काठवटीत. घरात पितळेचं भांडं नव्हतंच. लाकडावर असा आवाज येत नाही. तिनं पुन्हा हात मारला.

पितळच वाजलं.

मनकर्णेनं ऐकलं नाही. ती रोजच्यासारखी भाकर फिरवत होती.

मग त्यांनी सांगितलं. मायनं हात धरून काय म्हटलं ते. परात कशी कापली ते. आणि आपण काय बोललो ते. वर मान करून बघायची हिंमत झाली नाही. तव्यावरची भाकर करपली, धूर झाला, तरी कुणी उठलं नाही.

शेवटी मनकर्णेनं तवा खाली उतरवला.

"मायनं मोडीत नाई घातली?"

"नाई मने."

"माह्यं नाव घेतलं होतं तिनं?"

"घेतलं मने. आठोनीनं दे म्हने."

मनकर्णेनं पिठाचे हात तसेच कपाळाला लावले.

"दादा, म्या तिले शिव्या देल्ल्या रे. रोज. इथी बसून, भाकर थापता थापता. म्हनलं, मरता मरता पोरीचं आंदन मोडून खाल्लं इनं. म्हनलं, अशी माय वैऱ्याले नोको. जे तोंडात आलं ते म्हनलं. सासूनं मले देल्ल्या नसतीन तेवढ्या शिव्या म्या माह्या मायले देल्ल्या."

"माह्यी चूक हाये मने. माह्यी."

"तुह्यी हायेच!" ती एकदम ओरडली. "पन शिव्या तं म्या देल्ल्या नं! आता कोनापाशी जाऊन वापस घेऊ? आपलं दहावं नाई, तेरवं नाई. कावया नाई, की ज्याले विचारू, माय रुसली का म्हनून. परात असती तं तिच्यापुढं बसली असती मी. तेही तूनं ठेवली नाई."

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "त्या पट्ट्या कुठी हायेत?"

"सांध्यात."

"मले घेऊन चाल."

दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला आले. दुपार झाली तशी मनकर्णा परसात गेली. निंबाखाली, बाळापूरच्या सांध्यापाशी जमिनीवर बसली. मावशीनं सतरंजी दिली, ती घेतली नाही. मावसाजी जरा मागे, खाली मान घालून. मावशी दारात.

मनकर्णेनं सांध्याच्या जिभेवरून बोट फिरवलं. त्या दिवशी ती सपाट होती. खळगा पडला नव्हता.

"माय," ती म्हणाली. "मी मनी. म्या लय वंगाळ बोलली तुले. मले ठाऊक नोतं, माय. ते सारं वापस घेतो म्या. तू आयकत असशीन तं काई तरी कर. पान हालव. काई बी."

पान हललं नाही.

मनकर्णेनं दोन्ही हात मांडीत घट्ट धरले आणि वाट पाहिली.

आणि तेव्हा...

थप.

मावसाजींनी झटकन बहिणीच्या हातांकडे पाहिलं. हात मांडीतच होते. बांगड्या गप्प होत्या.

थप... थप... थप...

ही लय वेगळी होती. सावकाश, जड, म्हाताऱ्या हाताची. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेली. आणि तिच्यात किणकिण नव्हती.

मावसाजींना हुंदका फुटला. भीतीचा नव्हे, आनंदाचा. माय आली होती. मनीनं हाक मारली आणि माय आली होती!

"मने! आयकू येते नं? माय हाये! थापून राहिली माय!"

मनकर्णेनं कान दिला. डोळे मिटले. जीव एकवटून ऐकत राहिली. तिच्या बोटापासून वीतभर अंतरावर आवाज येत होता.

तिनं डोळे उघडले.

"मले तं काई आयकू येत नाई."

"अवं हे काय! आता! तुह्या हातापाशी! वैनीले विचार..."

पण मावशीलाही काही ऐकू येत नव्हतं. तिला कधीच आलं नव्हतं. तिनं हळूच मान हलवली.

"खरं सांगतो मने," मावसाजी गयावया करायला लागले. "मायची शप्पत. माय हाये इथी. ते रुसली नाई तुह्यावर, म्हनून तं आली."

मनकर्णा त्यांच्याकडे बघत होती. रागानं नाही, असं मावशी सांगायची. राग असता तर बरं झालं असतं. दुकानात खोटं नाणं उलटंपालटं करून बघतात ना, तसं बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "तवा म्हनलं मायनं परात मोडीत घातली. तवाबी असाच माह्या डोयात पाहून बोलला होता तू. आता म्हन्तं माय आली. मी कोनतं खरं धरू?"

"मने, हे खरं हाये..."

"आशीन बापा. पन तुह्या तोंडून मले ते कसं समजन?"

ती उठली. लुगड्याची माती झटकली. मावशीनं जेवून जा म्हटलं, तर नको म्हणाली. मावशीच्या पाया पडली, मावसाजींच्याही पडली, रीतीप्रमाणे. आणि निघून गेली. तिचं उरलेलं आयुष्य बाळापुरात गेलं. माय रुसून गेली हे मनात घेऊनच गेलं. माहेरची पायरी ती पुन्हा चढली नाही.

हे कशानं झालं, मला विचारू नका. उन्हानं माणसाच्या डोक्यात आवाज होतात म्हणतात, होत असतील. पण मावसाजी रडले त्या संध्याकाळी सांध्यावरचं पीठ मावशीनं आपल्या हातानं पुसलेलं आहे. आणि ही गोष्ट सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, तो पिठाचा नाही आणि आवाजाचाही नाही.

काटा येतो तो त्या दुपारचा.

कारण एरवी तो आवाज मावसाजी वाकले की थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. मनकर्णा फाटकाबाहेर गेली, तरी चालू. बस सुटली असेल, तरी चालू. ऊन उतरलं, गल्लीत माणसं दिसायला लागली, घराघरात दिवे लागले.

थप... थप... थप...

लेक बऱ्याच दिवसांनी जेवायला आली म्हणून माय थापतच होती. आणि मावसाजी सांध्यावर ओणवे होऊन पुन्हा पुन्हा सांगत होते, "बस कर, माय. मनी गेली."